टेकडीवरची पांढरी भिंत

आजोबांनी होडीचं सुकाणू प्रोफेसरच्या हातात दिलं आणि भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. हा चष्मेवाला मावसभाऊ सुट्टीला कालच आला, आणि आज त्याला हा मान! तिला मात्र दर सुट्टीत एकच उत्तर, "पुढच्या वेळी बघू."

आजोबा त्याला समजावत होते. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. म्हणून आत येताना धक्क्यावरचा पांढरा खांब आणि टेकडीवरची पांढरी भिंत एकामागे एक धरायची. ती भिंत मिठाच्या जुन्या गोदामाची. शिडाच्या जहाजांच्या काळापासून नावाडी तिला चुना फासत आलेले. एवढं सांगून आजोबा किनाऱ्याकडे पाठ करून जाळं सोडवायला बसले.

खर्रर्र! होडीची फळी फुटली.

पाणी उपसत तिघांनी होडी कशीबशी धक्क्याला लावली. आजोबांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. बंदराच्या साहेबांनी चारचौघांत सुनावलं, की म्हाताऱ्याची नजर गेली, उद्यापासून होडी बंद.

प्रोफेसरची फजिती पाहून भिंगरीला आधी गुदगुल्या झाल्या होत्या. आजोबांची खाली गेलेली मान पाहून त्या विरल्या. दोरखंडांच्या ढिगामागे प्रोफेसर डोळे पुसत होता.

"मी रेष सोडली नाही गं. खांब आणि पांढरी भिंत, अगदी एकामागे एक."

"तू कशाला चुकशील? शहाण्यांचा राजा ना तू!" ती फणकारली. पण बोलता बोलता तिची नजर टेकडीकडे गेली.

गोदामाची भिंत निळी होती. शेजारचा बर्फाचा कारखाना मात्र पांढराशुभ्र! पाहुणे येणार म्हणून साहेबांनी टेकडी नुकतीच रंगवून घेतली होती. जुने नावाडी सवयीने आत यायचे. रंग बघितला तो फक्त नवख्याने.

गप्प बसलं, तर प्रोफेसर कायमचा धांदरट ठरणार होता. किती छान! पण मग आजोबांची होडीही जाणार होती.

"तू बरोबर होतास," ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात प्रोफेसरने समुद्राकडे बोट दाखवलं. कौलांनी भरलेली एक परकी बोट थेट खडकांच्या दिशेने वळत होती. हाका तिथवर पोचणार नव्हत्या. दोघांनी आजोबांचं जुनं शीड उचललं. भिंगरीच्या मागेमागे फिरणाऱ्या धाकट्या भावाने, म्हणजे शेपटाने, काळी ताडपत्री ओढत आणली. धापा टाकत तिघं टेकडीवर चढली. निळ्या भिंतीवर शीड सोडलं, पांढरीवर ताडपत्री.

बोट थबकली, हळूच वळली आणि खडकांना बगल देऊन सुखरूप आत शिरली.

"ही लक्तरं कुणी टांगली?" साहेब ओरडत वर आले. मागोमाग बोटीचा कप्तान, तांडेल, आला, तो मुलांचे आभार मानायला. सगळा प्रकार कळल्यावर साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. होडी बंद करण्याचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

"चुना मी आणतो, साहेब," आजोबा म्हणाले, "कुंचला तुम्ही धरा." मग त्यांनी तिघांची पाठ थोपटली. "आणि होडी दुरुस्त झाली, की सुकाणू भिंगरीकडे."

प्रोफेसरचं तोंड एवढंसं झालं. ते तोंड भिंगरीच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"पुढच्या वेळी बघू हं," ती त्याला गोड आवाजात म्हणाली.