गुरुवारचे चौकोन

दुकानात नमुना म्हणून टांगलेल्या क्रोशाच्या चौकोनावर तिने पर्समधली पट्टी ठेवली आणि नाक मुरडलं.

"मावशी, याची एक बाजू पाव इंचाने जास्त आहे बरं का."

लोकरीच्या दुकानातल्या मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण मागून आवाज आला, "गुण्या देऊ का? कोपरेही तपासून घ्या."

ती वळली. दारात छत्री झटकत एक उंच तरुण उभा होता. बोटांना वाळलेली खळ, आणि हातात खरोखरच काटकोन मापायचा लोखंडी गुण्या! मागच्या गल्लीतला पुस्तकं बांधणारा, मावशींचा भाचा. चेहरा अगदी गंभीर, डोळे मात्र... डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

दुसरी कुणी असती तर लाजून पट्टी पर्समध्ये टाकली असती. हिने गुण्या घेतला आणि चारही कोपरे तपासले.

"कोपरे बरोबर आहेत."

"सुटलो बुवा," तो म्हणाला. "माझ्याच हातचा आहे तो चौकोन."

ती कानापर्यंत लाल झाली.

ती नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करायची. तिथे सगळे तिला 'मोजपट्टी' म्हणत, आणि आठवडाभरात ते नाव दुकानातही पोचलं. कारण ती आता दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी तिथे यायला लागली होती. दुकानाच्या मागच्या टेबलावर पाच-सहा जणी मिळून लहान मुलांच्या दवाखान्यासाठी पांघरूण विणत होत्या. अठ्ठेचाळीस चौकोन, प्रत्येक सात इंचांचा. मधे पिवळं वर्तुळ, भोवती पांढऱ्या खांबांचे उभे टाके, कडेला हिरवी साखळी. ते सगळे नीट जुळवून शिवायचं काम पुस्तकवाल्याकडे होतं.

तिचा चौकोन पुरा झाला की ती त्याला टाचणीने तारखेची चिठ्ठी लावायची. कचेरीतली सवय, दुसरं काय! तो चौकोन हातात घेऊन मोजायचा.

"सात. आजही सात. कंटाळा नाही येत तुम्हाला, सारखं बरोबर असण्याचा?"

"तुम्हाला येतो का, सारखं मोजण्याचा?"

"अजून तरी नाही..."

घरी जाताना ती वाटभर त्या 'अजून तरी'चा विचार करायची आणि एकटीच हसायची.

मग दर गुरुवारी दातांची डॉक्टर यायला लागली.

डॉक्टर हसायची ती अगदी मोकळी, तोंडभर. दात सुंदर होतेच, धंदाच तो! तिला विणता येत नव्हतं, आणि येत नाही हे ती आनंदाने सगळ्यांना सांगायची. "अहो, बघा ना, पुन्हा टाका निसटला!" असं म्हणाली की पुस्तकवाला खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायचा, तिच्या बोटांत सुई नीट धरून द्यायचा. बोटांवर बोटं ठेवून.

मोजपट्टीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दिवसभर लोकांच्या दातांत बारीक कामं करणाऱ्या बाईला एक सुई धरता येऊ नये? आणि यालाही कळू नये? की कळूनच... पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवत नव्हतं. ती मान खाली घालून खांब घालत राहायची. "सात आहे, मोजायची गरज नाही," असं म्हणून चौकोन ढिगात टाकायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. मावशी थांब म्हणाल्या तरी थांबायची नाही.

असे पाच गुरुवार गेले. शनिवारी पांघरूण दवाखान्यात द्यायचं होतं. शुक्रवारी दुपारी त्याचा निरोप आला, लगेच या.

दुकानातल्या मागच्या टेबलावर सगळे चौकोन मांडलेले होते, आणि पाच बाजूला काढलेले.

"हे बसत नाहीत," तो म्हणाला. "तुमचे आहेत."

"शक्यच नाही!"

त्याने पट्टी पुढे केली. साडेसहा. दुसरा, साडेसहा. पाचही साडेसहा. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आणि त्यांचे बसतात वाटतं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"डॉक्टरांचे सैल आहेत, सामावून घेता येतात. हे इतके आवळलेत की सुई आत जात नाही." त्याने चिठ्ठ्या वाचल्या. "पाचही गुरुवारचे. मंगळवारचे सगळे सात. काय होतं गुरुवारी?"

"हवा दमट असते."

"फक्त गुरुवारी?"

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर काचेवर पावसाचे थेंब ओघळत होते.

"काल डॉक्टरांनी मला घरी बोलावलं," तो सावकाश म्हणाला. "रविवारी. आईवडिलांना भेटायला. आज संध्याकाळी कळवतो म्हटलंय."

"त्यात कळवायला काय एवढा विचार करायचा! जा की."

"जाऊ?"

आयुष्यात तिने चुकीच्या मापावर कधी सही केली नव्हती. आता 'हो' म्हणायचं, म्हणजे...

"नका जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही त्यांची बोटं धरता ना, तेव्हा माझा हात आवळतो. मला ते बघवत नाही. त्या चांगल्या आहेत, म्हणून तर आणखीच बघवत नाही. मला तुम्ही हवे आहात — झालं समाधान?"

त्याने पट्टी टेबलावर ठेवली.

"तुमचे चौकोन सात इंचांचे असतात हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," तो म्हणाला. "तरी तीन महिने मोजत होतो. कशाला, असं तुम्हाला कधी वाटलं नाही?"

तो दुकानाबाहेर जाऊन डॉक्टरांना फोन करून आला.

"वाईट वाटलं त्यांना. पण पांघरूण द्यायला उद्या येईन म्हणाल्या."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला डॉक्टरबद्दल वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. पण रुसवा काही तेवढ्याने जाणारा नव्हता.

"तरी एवढं जवळ बसून शिकवायची काही गरज नव्हती."

"शिकवताना जवळ बसावंच लागतं."

"मला नाही कधी शिकवलंत!"

"तुम्ही कधी कुणाला शिकवू दिलंत?"

ते तिला लागलं, कारण खरं होतं. तिने पाचही चौकोन पुढे ओढले, एकेक करून उसवले, आणि कुरळी झालेली लोकर आणि सुई त्याच्यासमोर धरली.

"शिकवा," ती म्हणाली. "सैल कसं विणतात ते मला येत नाही."

त्याने खुर्ची जवळ ओढली.