लाल कुऱ्हाडीची साक्ष

“माह्या बापाले काकानं मारलं. पुरावा द्या, उद्या पोलिसात जातो,” पंचविशीतला लटारू म्हणाला.

साल १९५४. चांद्याचा खाजगी तपासनीस जलालुद्दीन आणि त्याचा सोबती इसरू आलापल्लीजवळच्या या गावात सकाळीच पोचले होते.

“तू तवा केवढा होतास?” जलालुद्दीननं विचारलं.

“पाच वर्षांचा.”

“वार पाह्यलास?”

“नाई. बाप पडलेला. काकाच्या हातात लाल कुऱ्हाड.”

“कोणी ओरडलं?”

“आवाजच आठवत नाई.”

“एवढंसं पोरगं खोटं काऊन बोलन?” इसरूनं निकाल देऊन टाकला.

“खोटं कोण म्हणते?” जलालुद्दीन म्हणाला.

लटारूची आई रुखमाबाई अंगणात मोहफुलं पसरवत होती. “मालकाले जंगलातच अग्नी दिला. गावात आणता येत नव्हतं.”

“काऊन?”

तिनं लेकाकडे पाहिलं आणि ती आत गेली.

काका मुखरू डाव्या हातानं नांगर ठोकत होता. उजव्या दंडावर चार लांब वण.

“झाडावरून पडलो,” तो म्हणाला.

“मुखरूभाऊ, भावाले तुमी मारलं?”

“पोरगं म्हणते ना? लिहा तसंच.”

“फासावर जासान.”

“जाईन.”

“घ्या, कबूल!” इसरू खूश झाला.

जिथे लटारूचा बाप मेला, ती सागवनातली वाट लटारू कायम टाळायचा. दुपारी दोघं तपासनीस तिथे गेले, तर वाळक्या फांद्यांचा डोंगर साचला होता. चालता चालता इसरूनंही एक फांदी मोडून त्यावर टाकली.

“काऊन टाकली?”

“सगळेच टाकते जी!”

संध्याकाळी जलालुद्दीननं सगळ्यांना अंगणात बसवलं.

“खुनाच्या जागी कोणी फांदी टाकत नाई. वाघानं माणूस मारला तिथीच टाकते. असं प्रेत गावात आणत नाई, तिथीच जाळते. अन् दंडावरचे चार वण पंजाचे हायेत. लटारू, तुह्या काकाची कुऱ्हाड वाघाच्या रक्तानं लाल झाली. तुले वाचवताना.”

“मले वाघ आठवतच नाई!”

“पाच वर्षांच्या जिवाले तो झेपला नाई. वाघ पुसला, आवाज पुसला. कुऱ्हाड अन् काकाचं तोंड राह्यलं. बाकी तू मोठेपणी जुळवलंस. अन् या गावानं जुळवू दिलं!” जलालुद्दीनचा आवाज चढला. “तोंडं शिवून बसले सगळे, अन् त्याले माया म्हणते!”

“दोन वर्षं मुका होता हा,” रुखमाबाई म्हणाली. “वाघाचं नाव काढलं का डोळे फिरवत होता. म्हून गावाले शपथ घातली मी.”

लटारू काकासमोर जाऊन बसला.

“एवढी वर्षं मी तुले शिव्या देऊन राह्यलो. काऊन नाई बोललास?”

मुखरूनं मान खाली घातली.

“शिव्या देत होतास, पण बोलत तं होतास.”