उणे वीसवरची नळी

"सही कर. खलास!" लेस्टरनं कागदावर पेन आपटलं.

आखातातल्या माहूजच्या त्या फ्लॅटमध्ये ग्लॅडिस नवऱ्याकडून, लेस्टरकडून, चार वर्षं एकच वाक्य ऐकत होती: 'तूच गोळ्या चुकवल्यास.' त्यांची मुलगी लॉरा जन्मतःच कमरेखाली लुळी. गरोदरपणात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चुकल्या की बाळाचा कणा अर्धवट राहू शकतो! आता तर लेस्टरनं रिपोर्टच आणला होता. गरोदरपणी क्लिनिकनं साठवलेली तिच्या रक्ताची नळी त्यानं तपासून घेतली. फॉलेट, म्हणजे तेच फॉलिक ॲसिड, पार तळाला. ताबा सोडल्याच्या त्या कागदावर सही झाली की लॉरा वसईच्या आश्रमात जाणार, आईविना.

"आधी रिपोर्ट दाखवा," संघप्रिया म्हणाली. पूर्वी ती प्रयोगशाळा तपासायची, आता खाजगी तपास करायची. ग्लॅडिसनंच तिला बोलावलं होतं. सोबत संघप्रियाचा नवरा रुपेश, डोक्यानं जरा उशिरा पेटणारा.

तिनं क्लिनिकचा फ्रीझर सांभाळणाऱ्या शरीफुन्निसाला फोन लावला.

"सादा फ्रीझर है, बाजी. माइनस बीस. ट्यूब में कुछ मिलाया नहीं था. लेस्टरभाई खुद ले गये."

"फ्रीझर बंद पडला असणार! या शरीफुन्निसाचाच घोळ," रुपेश म्हणाला.

"थांब रे," संघप्रिया म्हणाली. "लेस्टर, बाकीची जीवनसत्त्वं कुणी तपासायला सांगितली?"

"मी. अर्धवट काम मला जमत नाही. बी-बारा, सी, सगळं ठीक आहे बघा. फक्त फॉलेट गेलंय."

"ग्लॅडिस, तू जेवतेस काय गं?"

"पेज. वर लिंबू पिळून. भाजी, मासळी सोडून पाच महिने झाले." ती पुटपुटली, "लॉरासाठी प्रायश्चित्त."

"रक्त शेवटचं कधी काढलं?"

"गेल्या महिन्यात, घरीच. लेस्टरनं. व्हिसाच्या मेडिकलला लागतं म्हणाला."

"मग? दवाखान्यात दिवसभर तेच करतो मी," लेस्टर खेकसला.

संघप्रियानं रिपोर्ट टेबलावर सपाट केला.

"रक्त काढता येतं तुम्हाला, पण फ्रीझरात त्याचं काय होतं ते ठाऊक नाही. काही न मिसळलेल्या रक्तातलं सी साध्या फ्रीझरात काही महिन्यांत संपतं. चार वर्षांनी ते शून्याजवळ हवं. इथे भरपूर आहे. म्हणजे नळी जुनी, रक्त गेल्या महिन्यातलं. शरीफुन्निसाकडे हिचं ताजं रक्त कुठून येणार?"

"पण मग फॉलेट कमी कसं?" रुपेश.

"लिंबानं सी राखलं, उपासानं फॉलेट संपवलं. हिचं ताट हे रोज बघत होते. प्रायश्चित्ताचाच पुरावा केला यांनी. बायको-मुलीतून मोकळं व्हायचं होतं ना, लेस्टर?"

ग्लॅडिसनं सहीच्या कागदाचे तुकडे केले. लॉरा कुठेही जाणार नव्हती.

"म्हणजे मी गोळ्या घेतल्या होत्या ना, ताई?"

संघप्रिया म्हणाली, "मूळ रक्त यांनी फेकलं. असतं तरी त्यातलं फॉलेट एव्हाना झिजलंच असतं. गोळ्यांचं आता फक्त तुलाच ठाऊक."

लेस्टर हसला. "सांग की. घेतल्या होत्यास? रोज?"

आतल्या खोलीतून लॉरा ओरडली, "ममा, से यस!"

ग्लॅडिसनं तोंड उघडलं. तिला गोळीचा रंगसुद्धा आठवेना.