रत्नदीपचा तुकडा

मे महिन्यात मी पोराचा स्वेटर आणायला कारंज्याहून वर्ध्याला निघालो.

"एवढ्या उन्हात काऊन निघाले बाबाजी?" कंडक्टरनं विचारलं.

"स्वेटर आणाले."

तो हसला. मी नाही.

रत्नदीप वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. मार्चमध्ये हायवेवर ट्रकनं उडवला, जागीच गेला. 'बाबा, एकदा माझी कामाची खोली पाहून जा,' म्हणायचा. राहून गेलं.

त्याच्याबरोबर काम करणारी नंदिनी मला त्या खोलीत घेऊन गेली. बाहेर डांबर वितळत होतं, आत माघाची थंडी. खिडकी नाही. माणसाएवढी लोखंडी कपाटं, काळोखात हिरवे दिवे, गरम प्लास्टिकचा वास. आणि एकसारखी घरघर, झोपलेल्या माणसाच्या छातीतून यावी तशी.

"हे काय व्हय, पोरी?"

"साठवणीचं कपाट, काका. सगळ्या डिस्क यातच. सारे सर्व्हर काचेच्या तारेनं, मधल्या स्विचमधून, आपली माहिती इथूनच घेतात. पण प्रत्येकाले वाटते, डिस्क आपल्याच पोटात आहे."

"मंग एकाचं दुसऱ्याले दिसते?"

"नाई. साऱ्या जागेचे तुकडे पाडतो, अन् कोणाले कोणता तुकडा दाखवायचा ते आम्ही ठरवतो. नाई दाखवला, तर त्याच्यासाठी तो नसतोच." ती थांबली. "रत्नदीपनं स्वतःसाठी ठेवलेला एक तुकडा आहे. आता कोणत्याच सर्व्हरले दिसत नाई. साहेब म्हणतात पुसा, एक्स-रे ठेवाले जागा पाहिजे. उघडून पाहू का, काका?"

"मले त्यातलं काय समजते? आजाऱ्याईले जागा पाहिजे न? पूस."

तिनं बटण दाबलं. पडद्याकडे पाहता पाहता तिचा चेहरा उतरला.

"काका... कोणीतरी वाचून राह्यलं."

"कोण?"

"कोणीच नाई... याले कोणी जोडलंच नाई... पुसणं जिथं पोचते, त्याच्या आधीच तिथलं वाचून राह्यलं... भराभर..."

"थांबव."

"थांबवलं, काका... थांबून नाई राह्यलं..."

घरघर वाढली. मग एकदम उतरली. तुकडा गेला होता.

त्याच्या खुर्चीवरचा स्वेटर उचलला आणि परत आलो. उघडून पाहू का, असं ती म्हणाली होती. एवढंच सलत राहिलं.

दिवाळीनंतर दवाखान्यात नवं कपाट आलं. सीलबंद, कोरं. नंदिनीचा फोन आला. आवाज दबलेला.

"काका, नव्या कपाटात एक तुकडा आधीच भरलेला आहे. त्याच मापाचा. कोणत्याच सर्व्हरले दिसत नाई. मी उघडाले गेली, तर उघडत नाई."

"पुसू नको."

"नाई पुसत. पण तो वाढून राह्यला, काका... कोणीतरी त्यात लिहून राह्यलं."

मला सहीपुरतंच लिहिता येतं. तरी दर रविवारी फोन लावायचो. किती झालं, विचारायचो आणि ठेवायचो. घरात पोराशीही मी याहून जास्त कधी बोललो नाही.

गेल्या रविवारी ठेवू लागलो, तर ती घाईनं म्हणाली, "ठेवू नका, काका... आज मी कपाटासमोरच उभी आहे. तुमी बोलता न... तेवढ्यापुरताच त्याचा दिवा लुकलुकते."

मी गप्प झालो.

"थांबला," ती म्हणाली.

"रत्नदीप," मी म्हणालो.

"लुकलुकला," ती म्हणाली. फोनमधून नुसती घरघर येत होती. पुढं काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. पण फोन ठेवला नाही.