अपघाताचा धडा

तुम्हाला पटणार नाही, माहीत आहे. पण त्या शेडमध्ये मी स्वतः होतो.

फेब्रुवारी २००७. काशीगाव. भर दुपार.

आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप बसवणाऱ्या जुन्या मिस्त्रींना तिथे शिक्षक म्हणून तयार करत होते. मी बातमीसाठी गेलो होतो. त्या दिवशी परीक्षा होती माझ्या मामांची, धर्माजी मिस्त्रींची.

मामांचे गुडघे गेले होते. शिडी चढणं बंद. पास झाले तर शिकवायची नोकरी, नाहीतर घरी बसायचं.

आपल्या हाताखाली घडलेला एक अपघात शिकाऊंना सांगावा तसा सांगायचा, अशी परीक्षा. शिकाऊ म्हणून बाकीचे मिस्त्रीच बाकांवर बसले होते.

"उस्ताद, चाय आणू का?" बबन मिस्त्री ओरडला. "पण टपली नाय मारायची हां!"

सगळे हसले. शिकाऊंना टपल्या मारायची मामांची सवय सगळ्यांना माहीत होती.

मामा सुरू झाले. "सदू म्हणून माझा शिकाऊ होता. पाइप टेस्ट करायचा होता. पाणी नव्हतं, म्हणून मी हवा भरली. ते चूक. हवेच्या दाबाने टोकाची कॅप गोळीसारखी सुटते. हवा गळतेय का ऐकायला सदू आपणहून कॅपला कान लावायला गेला..."

टक...

भिंतीवरच्या नमुन्याच्या पाइपातून आवाज आला.

तो पाइप कशालाच जोडलेला नव्हता.

"बबन, मस्ती नको," परीक्षा घेणाऱ्या स्वप्नाली मॅडम म्हणाल्या.

"आईशप्पथ मॅडम, मी इथेच बसलोय!"

मामांनी त्या पाइपाकडे वळून घाम पुसला. "मी ओरडलो, हट तिथून. त्याने ऐकलंच नाही..."

सट्!

मामांची मान पुढे झुकली. मागून कोणी टपली मारावी तशी.

मागे हात पोहोचेल इतकं जवळ कोणीच नव्हतं.

पुन्हा फटका. पुन्हा. मामांचं तोंड पाइपावर आदळलं. नाक फुटलं. शर्ट रक्ताने भिजला. बबनने धावत जाऊन त्यांना मिठीत धरलं, तरी मान हिसके खातच होती.

"धर्माजी, थांबवूया!"

"नको मॅडम... नापास व्हायचं नाय मला." मामांनी दात थुंकला. "मीच बसवला त्याला! तो नको म्हणत होता. टपली मारून कान लावायला लावला. अर्धं डोकं उडालं पोराचं..."



मग एक फटका बसला... सगळ्यात जोराचा.

मामांचा जबडा मोडला.

मॅडमनी त्यांना पास केलं. जबडा सांधल्यावर नोकरीही मिळाली.

पहिल्याच तुकडीला मामांनी तो अपघात सांगायचा टाळला. त्या दिवशी पुढच्या बाकावरचा दिपेश वहीवर तोंड आपटत राहिला... मामा सदूचं नाव घेईपर्यंत.

तेव्हापासून मामा धडा चुकवत नाहीत. नवी तुकडी आली की मामी आदल्या दिवशीच हळद उगाळून ठेवते.

मला एकच कळत नाही.

आता तर मामा पहिल्या वाक्यापासून खरं सांगतात. मग फटके अजून का बसतात?