पुढचा तुझ्याकडून

सासऱ्यांचा खोकला काही केल्या हटेना, म्हणून त्या सकाळी मी बादली घेऊन समुद्रावर गेले. ओहोटीला खडकांवरचं तांबडं शेवाळ खुडायचं, दुधात उकळायचं आणि गरम गरम पाजायचं, हे आमच्या क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावरचं घरगुती औषध. लग्न होऊन या पबमध्ये आले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

ऑर्ला, तू नात आहेस म्हणून सांगतेय. तू पब पुन्हा उघडायचं म्हणतेस, मागच्या थंड खोलीत टेबलं टाकायची म्हणतेस. टाक. तुझ्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला गाढवं जुंपावी लागतात, अगदी आजोबांवर गेली आहेस. पण आधी हे ऐकून घे.

खडकाच्या फटीत मला आधी बूट दिसला. मग पाय. मग पालथा पडलेला माणूस, गळपट्टा अजून गळ्यातच. खलाशी असावा. आपल्या गावचा नव्हता, आसपासच्या कुठल्याच गावचा नव्हता. मी बादली टाकून धावत सुटले.

माणसांनी त्याला फळीवर घालून आणला तो थेट आपल्याकडे. तेव्हा कायदाच तसा होता. प्रेत सापडलं की तपासणी होईपर्यंत ते जवळच्या पबमध्ये ठेवायचं आणि पबवाल्यानं नाही म्हणायचं नाही. गावात थंड खोली असायची ती दारूवाल्याकडेच. आमची तर चार पिढ्यांची. काउंटरच्या डाव्या अंगाला चहा-साखर, खिळे, रॉकेल, उजव्या अंगाला पिंपं, माळ्यावर शवपेट्या. लोक म्हणायचे, कॉन्सिडाइनकडे पाळण्यापासून पेटीपर्यंत सगळं एका दारात मिळतं. त्या खोलीतल्या दगडी ओट्यावर एरवी लोणी असायचं. मेलेला आला की लोणी वरच्या फळीवर जायचं. गिऱ्हाइकांना ते माहीत होतं आणि लोणी तरीही खपायचं.

सार्जंटनं फोन केला. पुरानं रस्ता तुटला होता, तपासणीचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. म्हणजे रात्रभर मेलेल्यापाशी आम्हीच बसायचं होतं. बेवारस असला म्हणून काय झालं, दारी आलेला पाहुणाच तो. मी घड्याळ थांबवलं, आरशावर चादर टाकली, उशाशी मेणबत्ती लावली. काळ्या बिअरचा एक ग्लास त्याच्या डोक्याशी ठेवायचा, हाही घरचा रिवाज. एवढंच की तो ठेवताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

ग्लास तुझ्या आजोबांनी ठेवला. फिंटन तेव्हा पंचविशीतला, गडगडाटी हसणारा, बोलघेवडा. दिवसभर काउंटरमागे उभं राहून त्याच्या जिभेला एकच वळण पडलं होतं. इथे कुणी एकटा पीत नाही. एकानं पाजायचं, मग दुसऱ्यानं. परत न पाजणाऱ्याच्या पोरींची लग्नं जुळत नाहीत, आणि समोर ठेवलेला ग्लास नाकारणं म्हणजे पाजणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. फिंटननं ग्लास ओट्यावर ठेवला, मेलेल्याच्या खांद्यावर थोपटलं आणि सवयीनं बोलून गेला, "पुढचा तुझ्याकडून हं, गड्या."

खोलीतली माणसं उठली. टोप्या डोक्यावर चढल्या. चार वाजताच पब रिकामा झाला.

सासरे दाराशी शाल लपेटून उभे होते. तुझे पणजोबा, मॅलकी कॉन्सिडाइन. त्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"काय बोललास?"

"चुकून निघालं बाबा. सवय..."

"माझे काका असंच बोलले होते. थट्टेत. सकाळी शेकोटीपाशी बसलेले सापडले. कपडे कोरडे ठणठणीत, आणि छातीत समुद्र." त्यांना खोकल्याची उबळ आली. मग माझा हात धरून म्हणाले, "पोरी, हा कुणाला नाही म्हणत नाही, त्याच्या रक्तातच नाही ते. तू लक्ष ठेव. यानं तोंडानं मागितलाय, तेव्हा तो मेलेला ग्लास ठेवणार. जोवर कुणी घेत नाही, तोवर ठेवत राहणार. यानं घेता कामा नये."

ते वर जाऊन पडले. आम्ही दोघं मेणबत्तीपाशी बसलो. बाहेर अंधारलं होतं, वारा धुराड्यात घुमत होता. फिंटन मधूनमधून हसायचा प्रयत्न करायचा.

"म्हाताऱ्याच्या गोष्टी," तो म्हणाला.

"हो. गप बस तू."

तेवढ्यात पुढच्या खोलीत पिंपाची तोटी उघडली. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. आधी फुसकारा, मग ग्लासात उतरणारी धार. सावकाश, हात बसलेल्या माणसासारखी. धार थांबली. फेस बसायला जेवढा वेळ द्यायचा तेवढा दिला गेला. मग पुन्हा धार.

"बाबा उतरले असतील..." फिंटन म्हणाला. आणि वरून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला.

आम्ही दिवा घेऊन गेलो. काउंटरवर काठोकाठ भरलेला ग्लास होता. कुणी नव्हतं. पण खारट, कुजकट वास असा भरला होता की भिंतीपलीकडे घर नाही, समुद्रच आहे असं वाटावं. मी ग्लास उचलून अंगणात ओतला. हात बधिर झाला. परत आले तर काउंटरवर दुसरा भरलेला, आणि फिंटन त्याच्यासमोर बसलेला.

"मला तहान लागलीय गं," तो म्हणाला. त्याचे ओठ मिठानं फुटावेत तसे फुटले होते.

"हात लावू नकोस."

"अगं, एवढ्या लांबून आलाय तो... एवढ्या प्रेमानं ठेवलाय. नाही कसं म्हणायचं?"

या 'नाही कसं म्हणायचं'ची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. भुतानं त्याचा गळा धरला असता तर मी भुताशी भांडले असते. इथे माझा नवरा नुसता सभ्यपणानं मरायला निघाला होता. त्यानं ग्लास तोंडाशी नेला. मी सगळ्या ताकदीनं त्याच्या थोबाडीत मारली. ग्लास फुटला. वरची बिअर सांडली आणि खालून हिरवं पाणी आणि वाळू.

फिंटन रडायला लागला. मी त्याला ओढत जिन्यावर नेलं. जाताना थंड खोलीच्या दारातून नजर गेली. उशाशी ठेवलेला ग्लास रिकामा होता. आणि त्या माणसाच्या मिशीवर फेस होता, ताजा.

उजाडेपर्यंत मी फिंटनचा हात सोडला नाही. खाली तोटी चालूच होती.

दुसऱ्या दिवशी प्रेत नेलं, फादरनी पुरलं. तोटी थांबली. पण पाजणं थांबलं नाही. एकदा एनिस गावात एका लग्नात वाढणाऱ्या पोरीनं फिंटनपुढे काळा ग्लास ठेवला. "त्या कोपऱ्यातल्या गृहस्थांनी पाठवलाय," म्हणाली. कोपऱ्यात ओली खुर्ची होती. असं किती वेळा झालं, विचारू नकोस. जगभराला पाजणारा माझा नवरा त्या रात्रीनंतर आयुष्यभर दारूचा थेंब प्यायला नाही. लोकांत तो शिष्ट ठरला. दर वेळी मी टेबलाखालून त्याचा हात धरायचे, आणि तो मान खाली घालून नाही म्हणायचा. ते नाही म्हणणं त्याला किती जड जायचं ते मलाच ठाऊक. शेवटी तो म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणात, कोरड्या छातीनं गेला. मी देवापुढे मेणबत्ती लावली. म्हटलं, जिंकलो आपण.

आता कळलं ना, या घरात समोर आलेलं काही न विचारता तोंडाला का लावायचं नाही ते? तू पब चालव, खुशाल चालव. पण एवढं वचन दे मला.

ऑर्ला? ऐकतेयस ना? दिवा जरा जवळ घे, मोतीबिंदूमुळे मला तुझा चेहरा नीट दिसत नाही. काय आहे तुझ्या हातात?

"आजी..." ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच भरून ठेवलाय माझ्यासाठी. नाही कसं म्हणायचं, म्हणून... अर्धा प्यायले मी."