पिठातली चढण

आमच्या गोंदियात बर्फ म्हणजे रसवंतीच्या लाकडी पेटीतला, नाहीतर मासोळीच्या टोपल्यातला. त्यामुळे माझा मित्र हेमेंद्र स्कीइंग शिकवतो असं मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझं तोंड बघायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे नेमकं काय करते तो?" मी सांगायचो, "पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरते." यावर एका गृहस्थानं अगदी काळजीनं विचारलं होतं, "मग घरचे काई म्हणत नाईत?"

घरी म्हणणारी एकटी त्याची माय होती, कुंताबाई. दरेकसा स्टेशनच्या अलीकडे जंगलाला लागून त्यांचं गाव. बाप लहानपणीच गेलेला, शेती काका भैय्यालाल बघायचा. हेमेंद्र आणि मी गोंदियाच्या कॉलेजात एका बाकावर. १९९९ च्या हिवाळ्यात एनसीसीतून आम्हा दोघांची औलीच्या शिबिरासाठी निवड झाली, आणि तिथं मी पहिल्या दिवशी जो तोंडावर पडलो तो शेवटच्या दिवसापर्यंत पडतच राहिलो. हा लेकाचा मात्र दोन दिवसांत असा घसरायला लागला की शिकवणाऱ्या उस्तादांनी विचारलं, "मनाली के हो?" हा म्हणतो, "गोंदिया. चावल का गाँव." मला नंतर म्हणाला, "अश्विन, रोवणीच्या चिखलात उभं राहता येते ना, मग याच्यात काय हाय?" मी चिखलातही पडायचो, म्हणून गप्प बसलो.

पुढे तो दर हिवाळ्यात पहाडात जायला लागला आणि तिकडचाच होऊन गेला. भाताच्या रोवणीला मात्र न चुकता घरी. एका वर्षी तर त्यानं राईस मिलमागच्या भुशाच्या ढिगावर बांबूच्या पट्ट्या बांधून गावातली पोरं घसरवली. पोरं नाकातोंडात भुसा घेऊन घरी गेली आणि सगळ्या आया भांडायला कुंताबाईच्या दारात. हा आत लपून हसतो आहे आणि ती बाहेर उभी राहून त्याच्या वतीनं शिव्या खाते आहे. माझा त्याच्यावर फार जीव होता. असा मित्र माणसाला एकदाच मिळतो, आणि तो होता तेव्हाही मला हे कळत होतं.

फेब्रुवारी २००६ मध्ये मी गोंदियात शाळेत विज्ञान शिकवत होतो. मधल्या सुट्टीत फोन आला. तिकडचा त्याचा जोडीदार होता. उतारावर वरून बर्फाची कड सुटली, हेमेंद्रनं शिकाऊ पोरांना बाजूला काढलं, स्वतः मागं राहिला. "सब बच्चे ठीक हैं, भैया," तो रडत म्हणाला. "वो मिला नहीं." मेला असं त्यानं म्हटलं नाही. शोधणाऱ्यांनी पुष्कळ दिवस शोधलं आणि मग पुन्हा बर्फ पडला.

ते "मिला नहीं" मीच जाऊन कुंताबाईंना सांगितलं. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"सापडला नाई, तर मेला कसा म्हणून रायला तू?"

त्यांनी रोज त्याचं ताट वाढायला सुरुवात केली. दाराला आतून कडी नाही, रात्रीचा दिवा विझवायचा नाही. स्वतः जेवल्या तर जेवल्या. भैय्यालाल काकांनी उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. त्या बाहेरही आल्या नाहीत. बाई वाळत चालली होती. तिचं हे वाट पाहणं कुठंतरी थांबायला हवं, एवढंच आम्हा सगळ्यांना कळत होतं. ते थांबलं नसतं तर ती गेली असती.

त्यांच्याकडे दहाव्याला एक रीत आहे. माणूस जिथं निजायचा तिथं संध्याकाळी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली झाकतात, जवळ दिवा ठेवतात. सकाळी टोपली उचलून पिठात कसली खूण उमटली ते बघतात. पाखराचं पाऊल दिसलं तर जीव पाखरू होऊन सुटला, गाईचं खूर दिसलं तर गाईच्या पोटी गेला. काका हे करायचं म्हणाले तेव्हा कुंताबाई पुतळा जाळल्यापासून पहिल्यांदा बोलल्या.

"पसरवा. पण काई उमटलं नाई, तर माहा पोट्टा जिता हाय. मग मले कोणी शिकवाचं नाई."

आम्ही बौद्ध. पिंड, कावळा, पिठातली पावलं यातलं माझ्या घरी काहीच नाही. वर मी विज्ञानाचा मास्तर. तरी त्या सकाळी मी सगळ्यांच्या मागे उभा होतो आणि पिठात काहीतरी दिसावं, उंदराचं का होईना, असं मला मनापासून वाटत होतं. तिला एकदाचं रडता आलं असतं.

काकांनी टोपली उचलली. पिठात एकापुढे एक खुणा होत्या, बोटाएवढ्या लांब. दोन रेघा मागे जवळ, पुढे फाकलेल्या. त्याच्या पुढे पुन्हा तशाच दोन.

"पाखरू!" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "सुटला बाप्पा पोरगा. पाखरू झाला." बायांनी रडायला सुरुवात केली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

माझा पडला नाही. मी खाली वाकून खुणा बघत होतो. पाखराचा पंजा पिठात सपाट उमटतो. या रेघांची आतली कड खोल रुतली होती आणि बाहेरची नुसती टेकली होती. स्की पायात असताना चढ चढायचा तर टाचा जवळ, पुढची टोकं बाहेर आणि सगळा भार आतल्या कडेवर द्यावा लागतो. नाहीतर माणूस मागे घसरतो, हे मी औलीत माझ्या हाडांवर शिकलो होतो. आणि प्रत्येक जोडीतली उजवी रेघ डावीपेक्षा जास्त फाकलेली होती. हेमेंद्र लहानपणी मोहाच्या झाडावरून पडला, तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा तसाच बाहेर वळायचा.

"अश्विन," कुंताबाई म्हणाल्या, "तू काऊन असा पाहून रायला गा?"

मी 'काही नाही' म्हणायला पाहिजे होतं, असं काका पुढे कितीदा तरी म्हणाले. पण ती बाई माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर खोटं बोलणं मला जमलं नसतं, आजही जमणार नाही.

"मावशी, हे पाखरू नाही. स्कीवर चढताना अशा खुणा होतात. तो चढतोय."

"कुठं?"

"वर."

त्या पिठाजवळ खाली बसल्या. "घर तर खाली हाय ना त्याचं. वर कायले चालला?"

आणि मी त्यांना जे खरं तेच सांगितलं. डोंगर चढणारे वर पोचायला चढतात. आम्ही स्कीवाले चढतो ते उतरण्यासाठी.

"म्हंजे उतरंल," त्या म्हणाल्या, आणि उठून चुलीकडे गेल्या. ज्या विधीनं त्यांचं वाट पाहणं संपायचं, त्यानंच त्याला बळ दिलं. काका माझ्याशी वर्षभर धड बोलले नाहीत.

त्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी हेमेंद्रच्या खोलीत पीठ पसरायला लागल्या. टोपली नाही, दिवा नाही, नुसती भिंतीपासून उंबरठ्यापर्यंत पिठाची पट्टी. सकाळी बघायच्या आणि झाडून घ्यायच्या. गाव म्हणालं, डोकं फिरलं बाईचं. पण त्या जेवायला लागल्या होत्या. काकांनी घरात फोन बसवला होता, त्यावरून अधूनमधून मला सांगायच्या, "आज बी चढूनच रायला. थकला असंल नाई गा?" मी म्हणायचो, असेल मावशी. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला की वर्गात जाऊन घर्षणाचे नियम शिकवायचो.

मी डोळे मिटून मानणारा माणूस नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेलो, पीठ स्वतः पसरलं, खिडकी लावून घेतली, दाराच्या फटीत फडकं कोंबलं आणि कुलपाची किल्ली खिशात ठेवली. सकाळी कुलूप मीच काढलं. फडकं होतं तिथंच होतं. पिठात भिंतीच्या बाजूला जाणाऱ्या खुणा होत्या, आता वीतभर लांब. मधे एका जागी पीठ विस्कटलेलं होतं, पाय निसटून माणूस खाली आला असावा तसं. त्याच्या पुढे परत चढायला सुरुवात. ते विस्कटलेलं पीठ बघून मला रडू फुटलं. एवढा तरबेज गडी, आणि तिथं एकटा पडत होता, उठत होता. कुंताबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

२००९ च्या मे महिन्यात, ऊन मी म्हणत होतं त्या दिवसांत, भल्या सकाळी फोन आला.

"अश्विन, आज रेघा हायेत. दोन. सरळ."

मी मिळेल त्या गाडीनं गेलो. त्यांनी त्या दिवशी झाडलं नव्हतं. भिंतीपासून दोन रेघा निघाल्या होत्या, आता पुऱ्या मापाच्या. एकमेकींना समांतर, एका हलक्या वळणात. असं वळण घ्यायला मी आयुष्यभर शिकलो नाही. उंबरठ्याशी दोन्ही रेघा आडव्या झाल्या होत्या आणि पीठ पुढच्या बाजूला उडालं होतं. तो तिथं थांबला होता. उंबरठ्याच्या अलीकडे.

कुंताबाईंनी आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. इतकं आनंदी मी त्यांना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मावशी, आला तो," मी म्हणालो. "आता बस झालं. आता पीठ पसरू नका."

"नाई पसरवत गा. आता कायले पसरवू?"

त्यांनी मला जेवू घातलं. निघताना काकांनी माझा हात धरला, पहिल्यांदाच. "सुटली बाप्पा," ते म्हणाले. मलाही तेच वाटलं. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडलो, आणि ते रडणं चांगलं होतं.

त्यानंतर त्यांचा एकदा फोन आला. आवाज दमलेला, पण खुशीत.

"मांड्या भरून आल्या गा. पायऱ्या चढवत नाई."

"वय झालं मावशी."

"थंडी बी वाजते."

"मे महिन्यात?"

त्या नुसत्या हसल्या. हेमेंद्र हसायचा तसंच, तोंडातल्या तोंडात.

मे संपता संपता त्या गेल्या. झोपेतच. कुणाला त्रास नाही.

मी पोचलो तेव्हा बाया आत त्यांना न्हाऊ घालत होत्या. भैय्यालाल काकांची बायको, सावित्रीबाई, हात पुसत बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"मी म्हणत होती बिमार हाय. पंधरा दिवस घराबाहेर पाय नाई टाकला. पदर तोंडावरून काढे नाई." ती थांबली. "मग इतकी रापली कुठं?"

मी पिशवी खांबाशी ठेवली.

"तू ये," ती म्हणाली. "तू पाहून घे."

न्हाऊ घालून झाल्यावर कुंताबाईंना अंगणात आणून ठेवलं. चेहऱ्यावरचा पदर सावित्रीबाईनं बाजूला केला.

गाल करपून काळे पडले होते. नाकाच्या शेंड्याची साल निघाली होती. ओठ थंडीनं फुटले होते.

डोळ्यांभोवती मात्र कातडी आधीसारखी उजळ होती, दोन्ही डोळे मिळून एकच लांबट, गोल कोपऱ्यांची जागा. बर्फावर ऊन खालून वर येतं, आणि स्कीच्या मोठ्या चष्म्याखालचं तेवढं सोडून सगळं जाळतं. औलीहून आलो तेव्हा माझी आई मला बघून घाबरली होती. एका दिवसात होत नाही ते. रोज जावं लागतं.

"काय व्हय हे?" सावित्रीबाईनं विचारलं.

मी वाकून त्यांचे केस कानामागे सारले. डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानाच्या वरपर्यंत चष्म्याच्या पट्ट्याची उजळ रेघ गेली होती, आणि तिच्या कडेला, आजवर कधी बर्फ न पाहिलेल्या त्या कातडीवर, उन्हानं आलेला फोड अजून ओला होता.